नववी मात्रा

हे कुणाला सांगायचं नाही, असं विशूदादांनी मला दोनदा बजावलं होतं. मी पेटीवर लेहरा, म्हणजे तबल्यासाठी पुन्हा पुन्हा फिरणारी सुरावट, धरायला दस्तगीरचाचांच्या खोलीत बसले होते, म्हणून मला कळलं, एवढंच.

"…मग इतकं का दुखतं, चाचा?" विशूदादा विचारत होते. "मनगटात दुर्बीण घातली. मोहरीएवढी तीन भोकं. किरकोळ आहे म्हणाले डॉक्टर, संध्याकाळी घरीही सोडलं. आज तेवीस दिवस झाले, शर्टाचं बटण लागत नाही."

दस्तगीरचाचा भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले. विशूदादांना तबला त्यांनीच शिकवलेला.

"डॉक्टर तबला वाजवतात?"

"नाही."

"मग त्यांच्यासाठी किरकोळच."

विशूदादा हसले नाहीत. धड झोप नसली की हसायलाही जोर लागतो. रविवारी चाचांच्या उस्तादांची बरसी, पुण्यतिथीची मैफल होती. शेवटचं वादन यंदा पहिल्यांदाच विशूदादांना मिळालं होतं, आणि वाजवणार म्हणजे वाजवणार, असं ते सगळ्यांना छातीठोक सांगून बसले होते.

"गोळ्या झाल्या, शेक झाला. आता तुम्हीच काही सांगा."

"हातावर त्रिताल धरू," चाचा म्हणाले. "टाळ्या मी देतो. खाली तू दाखव."

सोळा मात्रांत टाळ्या तीन. नवव्या मात्रेला टाळी नसते, तळवा नुसता उलटा करायचा. ती खाली.

विशूदादांचे कान लाल झाले. "खाली? चाचा, ते पहिल्या दिवशीच्या पोरांचं काम."

"मग टाळी देऊन दाखव."

विशूदादांनी हात उचलला आणि मनगट धरून परत मांडीवर ठेवला.

"पोरी, विलंबित धर. घाई नको, तुझ्या घरी दूध उतू जात नाहीये."

मी लेहरा धरला. नववी मात्रा आली आणि गेली. विशूदादांचा हात मांडीवरच.

"कुठं होतास?"

"दुखत होतं."

"कितव्या मात्रेला?"

"सारखंच दुखतं, चाचा."

"बघून सांग."

पुन्हा लेहरा. चाचांची टाळी बारीक, थकलेली पडत होती. नवव्या मात्रेला विशूदादांनी तळवा उलटा केला आणि ओठ आवळले. पुन्हा. पुन्हा. किती आवर्तनं झाली कोण जाणे, माझीच बोटं भरून आली.

"नवव्या मात्रेला कळ चढते," विशूदादा हळूच म्हणाले. "दहाव्या मात्रेलाही आहे. अकराव्या मात्रेला…"

"अकराव्या मात्रेला?"

"नाही. मग परत येते."

चाचांनी नुसती मान हलवली.

विशूदादांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला आणि मागोमाग जुना ताठाही. "म्हणजे रविवारी जमेल. दातओठ खाऊन वाजवतो."

"रविवारी मी वाजवणार आहे."

माझा भाता थांबला. चाचा कित्येक वर्षांत तबल्यावर बसले नव्हते. त्यांच्या बोटांच्या पेरांना गाठी आल्या होत्या, करंगळी तर सरळच होत नसे.

"हात दुखेल तुमचा!"

"दुखतोच."

"मग वाजवणार कसं?"

"तू शेजारी बस. खाली दाखव."

"सगळ्यांसमोर?" विशूदादांचा आवाज चिरकला. "लोक विचारतील, याला काय झालं."

"सांग की."

"काय सांगू?"

"दुखतं म्हणून."

विशूदादा आपल्या मनगटाकडे बघत राहिले. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं त्यांच्यात.

"पण चाचा, साठ वर्षं वाजवलंत तुम्ही. तुम्हाला कशाला कुणी खाली दाखवायला हवं?"

चाचांनी पुन्हा भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले.

"दुखायला लागलं ना, बाबा, की सगळ्यात आधी खालीच हरवते."