रवंथाची वेळ

डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. रानात चितळ आणि रानबकऱ्याची तीन मुक्कामांची शर्यत ठरली होती. पहिला दिवस माळाचा, दुसरा घाटाचा, तिसरा नदीकाठचा.

आदल्या दुपारी चितळ पोटभर चरून करंजाखाली रवंथ करायला बसला. तेवढ्यात कावळा आला. "ऊठ बघू, पाय दाखव. माळावर तुझ्यापुढं कोण जाणार?" चितळ उठला. तो पुन्हा बसतोय तोच वानर म्हणाला, "माळाचं सोड. घाटात याला रानबकरा गाठणार. जरा वळ रे, मांड्या बघू." चितळ वळला. मग टिटवी आली, ससा आला. दिवस कलेपर्यंत वाद चालला आणि चितळ उठबस करत राहिला.

शेवटी तो हळूच म्हणाला, "उद्या पळायचं ते आजच्या चाऱ्यावर. पण रवंथ मी करायचा, तो तुम्हीच करत बसलात."

तेव्हा गर्दीतून रानबकरा पुढे आला आणि चितळाला आडोसा करून उभा राहिला.

"बस निवांत," तो म्हणाला. "दमलेल्या चितळाला हरवलं, तर ते मी कुणाला सांगू?"