खेकड्याची दहा पावलं

माझी शाळा अर्ध्यातच सुटली. शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत, माफ करा.

फार पूर्वी एका बांधाखाली मुंग्यांचं घर होतं. एकदा शेतात पाटाचं पाणी सोडलं आणि ते घरात शिरू लागलं. मुंग्या अंडी घेऊन बाहेर आल्या, पण कोरडी जागा कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

शेजारचा खेकडा म्हणाला, "इथून दहा पावलं, सरळ पुढे."

मुंग्या दहा पावलं चालल्या, तरी पायाखाली चिखलच! थोरली मुंगी चिडली. "खेकडेदादा, थट्टा करता का?"

"अगं बाई, दहाच पावलं!"

"कुणाची?"

खेकड्याने तिचे पाय पाहिले आणि तो ओशाळला. मग तिने त्याच्या एका पावलाएवढी गवताची काडी तोडली आणि दहा काड्या मोजत सगळ्या पुढे गेल्या. समोर पाणीच पाणी.

"दादा, आता चालूनच दाखवा."

खेकडा निघाला. तोंड पाण्याकडे आणि चाल आडवी, उंबराच्या झाडाकडे! पाणी जवळ आलं होतं, तरी मुंग्यांना हसू आवरेना.

"मला वाटलं, सगळे असेच चालतात," तो पुटपुटला.

"मग उंबराकडे दहा काड्या, असं सांगा की!"

अंडी उंबराच्या मुळाशी कोरडी राहिली.

ही गोष्ट लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका पाहुण्याने मला शाळेची वाट विचारली. "इथंच, पुढं," असं तोंडात आलं होतं. पण मी त्याच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो आणि मग हात वर केला.