मिठाचा धोंडा

उंबरदऱ्याच्या गर्द रानातली पायवाट एकच ओढा सात वेळा ओलांडते. सहाव्या पाण्याशी, अलीकडच्या काठाला, चौरंगाएवढा एक सपाट धोंडा आहे. वाटाडे गोमाबाबा भांगरे इथे सगळ्यांना थांबवतात आणि पाठीवरच्या सॅक उतरवून एकमेकांच्या उचलायला लावतात. शहरातली मंडळी कुरकुरतात. "सगळं घर पाठीवर घेऊन फिरता, मग शेजाऱ्याचं बी जरा उचला की," असं म्हणून बाबा धोंड्याला टेकतात आणि बुधीची गोष्ट सांगतात.

पूर्वी वाडीतली माणसं याच वाटेने कोकणात उतरत आणि हिरडा देऊन मीठ आणत. बाजारात ज्याने ओझं डोक्यावर घेतलं, त्यानेच ते घरी पोचवायचं, असा दंडक होता. दुसऱ्याचा हात लागला की ओझ्यातली बरकत जाते, असं मानत. त्या वैशाखात बुधी पाटीभर मीठ घेऊन निघाली होती. चार दिवसांवर लेकीचं लग्न आलेलं आणि वाडीतल्या एकाही मडक्यात मीठ उरलेलं नव्हतं. सोबत म्हातारा सक्रू होता. त्याच्या डोक्यावर नाचणीचं बियाणं होतं, कारण वाडीचं सगळं बी त्या साली किडीने खाल्लं होतं.

सहाव्या पाण्याशी सक्रूचा पाय मुरगळला. तेवढ्यात वर डोंगरात वळीव कोसळला आणि ओढा गढूळ होऊन चढू लागला. बुधीने मिठाची पाटी धोंड्यावर ठेवली आणि बियाण्याला हात घातला.

"हात लावू नगं, बुधे," सक्रू म्हणाला. "तुजं मीठ ने आधी."

"लगीन अळणी व्हईल, बाबा. पर बी गेलं तर वाडी काय पेरंल?"

बियाणं पलीकडे ठेवून ती परतली, सक्रूला खांद्याचा आधार देऊन पार केलं. पुन्हा वळली, तोवर धोंड्यावरून पाणी वाहत होतं. रिकामी पाटी तेवढी करवंदीच्या जाळीत अडकली होती. तेव्हा बुधी काठावर बसून रडली, असं सांगतात. पाहुण्यांना अळणी वाढायचं, याहून मोठी लाज तिला ठाऊक नव्हती.

लग्नात तिने मान खाली घालूनच भात-आमटी वाढली. पंगतीत पहिला घास सक्रूने घेतला. घास गिळून तो म्हणाला, "ब्येस झालंय." मग सगळे जेवले, आणि म्हणे कोणालाच मीठ कमी लागलं नाही. एवढ्या मोठ्या काळजाची बाई या रानाने दुसरी पाहिली नाही, असं बाबा दरवेळी सांगतात.

आजही भेकरं येऊन तो धोंडा चाटतात. वाडीतलं कोणी सहावं पाणी स्वतःचं ओझं घेऊन ओलांडत नाही. वाट संपली की बाबांच्या ओसरीवर पाहुण्यांना भाकरी मिळते, ती सक्रूने आणलेल्या त्याच बियाण्याच्या नाचणीची, अळणी. मिठाची वाटी पहिला घास खाऊन झाल्यावर द्यायची, असा रिवाज आहे. बाबा वाटी पुढे करतात. बहुतेकांचा हात भाकरीकडेच जातो.