कागदाची पोरं

एका राज्यात भुजंगराय नावाचा राजा हुता. तलवारीला तिखट, तोंडाला त्याहून तिखट. त्येचा राग म्हंजे वाळल्या गवतात पडलेला इस्तू. लागला की बांधापल्याडचं बी जळायचं. दरबारात राजा नुसता खाकरला तरी परधान उठून उभा ऱ्हायचा. त्येची रानी गोजरा, ती मातूर त्येला भ्यायची न्हाई. दोन पोरं हुती. थोरली अनसा, दुधाचं दात पडायच्या वयाची. धाकटा हैबती, अजून बोबडा. राजाचा समदा जीव ह्या दोघांत. पन त्येंच्यापाशी बसायला येळ कुनाला हाय? लढाया मंग कोन करनार?

येशीबाहेर तळं, तळ्यापल्याड डोंगर, आन् डोंगरात धुंडा जादूगाराची गुहा. गुहेत कधी न सरनारा खजिना हाय, आसं समदं जग म्हनायचं. राजानं फौज काढली. धुंडा दारातच बसला हुता. त्येनं सांगितलं, खजिना हाय, खुशाल न्या, पन तो ल्हान हातांसाठी हाय, राजाच्या हातासाठी न्हाई. राजानं ऐकून घेतलं का? नाव सोडा. लाथ घातली आन् दार पाडलं.

आत काय? कोऱ्या कागदाची चवड. सोनं न्हाई, मोती न्हाई. वरचा कागद उचलला की खालनं दुसरा वर यायचा, बास. राजाचं टाळकं फिरलं. त्येनं एक कागद घेतला आन् टराटरा फाडला.

तिकडं कागद फाटला आन् इकडं महालात दोन्ही पोरं कागदाची झाली.

अनसा वट्यावर सागरगोटं खेळत हुती, ती बसल्या जागी पांढरी आन् चपटी झाली. हैबती दूध पीत हुता. दूध वघळलं तशी त्येची हनुवटी भिजून लोळायला लागली. रानीनं त्येला चुलीम्होरं धरून वाळवलं. पोरं बोलत हुती, हसत हुती, भांडत बी हुती, पन वजन म्हनून उरलं न्हाई. दार उघडलं की भिताडाला जाऊन चिकटायची. रानीनं एकीच्या परकराला वरवंटा बांधला, दुसऱ्याच्या आंगड्याला बत्ता, आन् दारात उभी ऱ्हाऊन नवऱ्याची वाट बघायला लागली.

राजा आला, त्येच्या मागं आपली आपन सरकत कागदाची चवड आली, आन् चवडीवर बसून एक टिटवी आली. ती धुंड्याची टिटवी. मानसावानी बोलायची. त्या राज्यात बरीच पाखरं बोलायची, त्येचं कुनाला काई वाटायचं न्हाई.

टिटवी म्हनली, "राजा, संक्रांतीचं वारं सुटंल, त्यात तुजी पोरं उडतील. उडाली की परत न्हाईत."

राजानं उपाय इचारला. टिटवीनं सांगितला. ह्याच कागदाच्या तीन वस्तू करायच्या, त्या बी घरात बसून. तळं पार करंल आशी होडी. वाऱ्याबिगर फिरंल आशी भिंगरी. आन् हात सुटनार न्हाईत आशी मानसं. काम पोरांच्या हातनं झालं पायजे. मोठ्यानं नुसतं धरायचं. मोठ्यानं पोराच्या हातचं हिसकावलं, की पोर आनखी पातळ झालं म्हनून समजायचं.

"येवढंच? दुपारपातुर उरकतो," राजा म्हनला.

"बघू की," टिटवी म्हनली आन् खिडकीत जाऊन बसली.

राजानं चिलखत उतरवलं आन् वट्यावर मांडी घातली. घोड्यावर बसनारा मानूस तो, गुडघं कुरकुरलं. अनसानं कागद मधनं दुमडला. कोपऱ्याला कोपरा लागंना. एक उगवतीला, एक मावळतीला. तिनं उलगडला, परत दुमडला. जीभ दाताखाली धरून परत उलगडला. राजाचा हात शिवशिवायला लागला. थोडा येळ त्येनं दम धरला. मंग आगं आसं न्हाई, आसं, म्हनत त्येनं कागद वढून घेतला आन् पटापटा घड्या घालून, कडा नखानं रगडून होडी केली. होडी आशी की नावाड्यानं बघत ऱ्हावं. तळ्यात नेऊन सोडली. धोंड्यावानी बुडाली. घरी येऊन बघतो तर अनसाच्या तळहाताच्या आरपार भिताडावरची खुंटी दिसत हुती.

तवा रानी म्हनली, "महाराज, लढाईत शिपायाच्या हातनं भाला काढून घेता का?"

"न्हाई."

"मंग हितं का घेता?"

राजानं आपलं दोन्ही हात मांडीखाली घातलं आन् त्येंच्यावर बसला. आता काम झाल्याबिगर हितनं उठत न्हाई, म्हनला. परधान आला, सेनापती आला, शेजारच्या राज्याचा वकील येऊन ताटकळला. राजा उठला न्हाई.

अनसानं कागदाला सतरांदा घड्या घातल्या, सतरांदा मोडल्या. राजाचा जीव वर-खाली हुयाचा, दात खायचा, पन हात मांडीखाली. त्येची तगमग बघून पोरगीच त्येला म्हनली, "आबा, तुमाला दमच न्हाई. कोपरा रुसलाय. त्येला जरा येळ लागतो."

झाली शेवटी होडी. एक बाजू वर, एक खाली, नाक वाकडं. तळ्यात सोडली तर म्होरं जायचं सोडून गिरकी घ्यायला लागली. राजा काठावर उभा. ढकलायची सोय न्हाई, वरडायची बी न्हाई. गिरक्या घेत घेत, एकेक गिरकीला जरा जरा सरकत होडी पल्याड गेली आन् धुंड्याच्या पायाला लागली. धुंड्यानं ती उचलली, पानी वतून टाकलं आन् उनात वाळत ठेवली.

मंग आली भिंगरी. ती हैबतीच्या वाट्याला. आता हैबती म्हंजे काय, कागद हातात दिला की पैला तोंडात. राजा म्हनला, सोता कागद हाय आन् कागदच खातोय, काय म्हनावं ह्येला. रानीनं कनकीची खळ शिजवली, कडा चिकटवायला. निम्मी हैबतीनं चाटून संपवली. पन गोजरा कंटाळनारी न्हवं. तिनं परत खळ केली. घडी तिनं धरली, घडीवरनं कागद फाडला हैबतीनं. च्यारी टोकं मधी आनली, खळीनं चिकटवली, बाभळीचा काटा त्येनंच टोचला, काटा जोंधळ्याच्या धाटात खवला. भिंगरी झाली. फिरनार कशी? दारं-खिडक्या बंद, पान हलत न्हाई. राजानं पंखावाल्याला हाक मारली. टिटवी म्हनली, पंख्याचा वारा बी वाराच. राजानं गाल फुगवलं. टिटवी म्हनली, फुंकर बी वाराच. राजाचं तोंड लाल झालं.

हैबतीनं त्येच्याकडं बघितलं आन् आंगड्याचा बत्ता वढायला लागला. त्येला पळायचं हुतं. भिंगरी हातात आली की पोर पळतं, ह्ये काय कुनी शिकवावं लागतं? पन बत्ता सोडला तर पोर उडनार. राजानं गाठ सोडली. हैबती पळाला आन् त्येच्याबरूबर भिंगरी फिरली, गरगरा फिरली. पोराचं पाय भुईवरनं सुटलं तसं राजानं त्येच्या आंगड्याचं टोक दोन बोटांत धरलं. दाबून धरावं तर फाटतंय, सैल सोडावं तर जातंय. कंबरंत वाकून राजा पोरामागं पळाला. सैपाकघरातनं परसात, परसातनं थेट दरबारात. सरदार मुजऱ्याला वाकलं ते वाकलेलंच ऱ्हायलं. मदी परधान आला.

"बाजूला हो," राजा म्हनला आन् तसाच म्होरं गेला.

टिटवीनं मान हलवली. भिंगरी मंजूर झाली.

तवर संक्रांत तोंडावर आली. उरली मानसं. त्येची करनी आशी: लांब कागदाच्या एकावर एक घड्या घालायच्या, वर एक मानूस काढायचा, हात दोन्ही बाजूंच्या घडीपातुर न्यायचं, आन् कात्रीनं कापायचं. उलगडलं की एकमेकाचा हात धरून मानसांची रांग उभी ऱ्हाती. अनसानं घड्या घातल्या, कोळशानं मानूस काढला. डोकं दुधीभोपळ्याएवढं, पाय काटकीएवढं. राजानं कागद धरला. हिसकावायचं न्हाई, येवढं आता त्येला कळलं हुतं. पन तलवारीचा मानूस तो, त्येला एकच ठावं: कापायचं तर साफ कापायचं. त्येनं पोरीला बजावलं, चहूअंगानं काप, कुटं काई ऱ्हाऊ दिऊ नगंस. पोरीनं बापाचं ऐकलं.

उलगडायला गेली तर मानसं सुटी झाली. एकेक करून खाली पडली.

त्याच दमाला खिडकीचं दार आपटलं. वारं डोंगर उतरलं, टिटवी म्हनली. अनसाचा वरवंटा फरशीवरनं घासत दाराकडं चालला. रानीनं हैबतीला पदरात गुंडाळून पोटाशी बांधला, पायानं वरवंटा अडवला, आन् खाली पडलेलं एक मानूस उचलून बघितलं. त्येला पंजाच नव्हता.

"महाराज, घडीवर ह्येंचं हात हुतं. तुमी तेच कापायला लावलं. तेवढं न कापता सोडायला पायजे."

राजा म्हनला, "चुकलं माजं. अनसा, दुसरा कागद घे."

अनसानं घेतला. वारं कौलातनं शिरलं, कागद फडफडला, अनसा बी फडफडली. राजानं एका हातानं कागद धरला, गुडघ्याखाली पोरीचा परकर दाबला. तिनं घड्या घातल्या, मानूस काढला, कात्री लावली. डोकं कापलं. मान कापली. खांदा कापला. कात्री हातावर आली. तेवढ्यात धुळीचा लोट आत आला, पोरीचं डोळं मिटलं, आन् कात्री सरळ घडीवर चालली.

राजाला दिसलं. हिसकावावं तर पोरगी जानार. वरडावं तर ती दचकनार आन् कात्री आरपार जानार. राजानं काई केलं न्हाई. फकस्त आपलं बोट घडीवर ठेवलं.

कात्री बोटावर मिटली.

घोड्यानं शेपूट झाडलं तरी ज्यो गाव गोळा हुईस्तवर वरडायचा, त्यो राजा हूं का चूं बोलला न्हाई.

"आबा, कात्री अडली," अनसा डोळं चोळत म्हनली.

"अडू दे," राजा म्हनला. "घाई न्हाई. हितनं वळव."

त्येचा आसा आवाज त्या महालात कुनी ऐकला नव्हता. पोरीनं कात्री वळवली. कंबर कापली, पाय कापलं. एक टोक हैबतीनं धरलं, एक अनसानं, आन् दोघं वढत दोन दिशेला गेली. मानसं उभी ऱ्हायली. समद्यांची डोकी दुधीभोपळ्याची, समद्यांचं पाय काटकीचं, आन् जितं हाताला हात लागला हुता तितं राजाच्या रगताचा लाल ठिपका. एक बी हात सुटला नव्हता.

तवा वाऱ्यानं दार फोडलं. पडदं गेलं, राजाच्या डोईचा मंदिल गेला, परधानाचा शेला येशीबाहेर जाऊन पडला. कागदाची मानसं फडफडली, पन तुटली न्हाईत. आन् अनसा राजाच्या मांडीवर धपकन पडली. राजाच्या मांडीला कळ आली. भरल्या पोत्यावानी वजन हुतं पोरीचं. रानीच्या पदराची गाठ वझ्यानं सुटली, हैबती खाली आपटला आन् गळा काढून रडायला लागला. गाल वल्लं झालं, हनुवटी वल्ली झाली, पन लोळली न्हाई. गोजरानं ती दोन-तीनदा दाबून बघितली, मंग तिला बी रडू फुटलं.

"झालं," टिटवी म्हनली आन् उडाली.

अनसानं बापाचं बोट बघितलं आन् इचारलं, आबा, कुनी कापलं? राजा म्हनला, लढाईत लागलं. तिला पटलं न्हाई, पन तिनं आपल्या परकराची चिंधी फाडून बोट बांधलं. गाठ काई बसंना. राजा हात म्होरं धरून बसून ऱ्हायला.

दुसऱ्या दिशी राजा एकटाच डोंगरावर गेला, सोताच्या हातानं दार बसवलं, आन् चवड धुंड्याच्या म्होरं ठेवली. धुंडा म्हनला, ही घिऊन मी काय करू, घरोघर वाट, सरायची न्हाई. राजानं वाटली. त्या राज्यात मंग घरोघरी होड्या, घरोघरी भिंगऱ्या झाल्या. सकाळचा दरबार दुपारी भरायला लागला. राजाचा राग गेला का म्हनाल, तर न्हाई, परधान अजून बी उठून उभा ऱ्हातो. पन ल्हान पोरगं काई दुमडत बसलं आसलं, की राजाचं दोन्ही हात आपसूक मांडीखाली जातात.

त्येचा शाप त्येनं फेडला, राज्य आपल्या जाग्याला बसलं. सांगनाऱ्याचं तोंड मिटलं, ऐकनाऱ्यानं आता घरी जावं. घरात पोर आसंल तर मांडी घालावी, कागद धरावा, आन् गप बसावं.