माहुताचा कडू काढा

राजेलोक हत्तीवरून आणि रथातून मिरवत, त्या काळची ही गोष्ट. एका राज्यात एक माहूत आणि एक सारथी होते. तरुणपणापासूनचे मित्र. म्हातारपणी दोघांना एकच आजार जडला. पायांवर सूज यायची, चार पावलं चाललं की धाप लागायची.

वैद्यबुवांनी त्यांना कडू काढा दिला. "हा आजार जाणार नाही, पण ताब्यात राहील," ते म्हणाले. "बरं वाटलं तरी काढा थांबवू नका. जन्मभर घ्यायचा."

काढ्याने गुण आला. दोघं पुन्हा कामाला लागले.

नव्या सेनापतीला मात्र हे खपलं नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काढे पिणारे म्हातारे राजाच्या स्वारीत शोभत नाहीत. ज्याच्या हातात पेला दिसेल, त्याने घरी बसावं."

शिपाई हसले. सारथ्याने मान खाली घालून काढा ओतून दिला.

माहुताने पेला भरला आणि सेनापतीच्या डोळ्यांदेखत सावकाश रिकामा केला. मग तोंड पुसून म्हणाला, "सरकार, घरी बसवायचं तर बसवा. मला अजून जगायचंय. काढा मी सोडणार नाही."

त्याच दिवशी त्याचं काम गेलं. जाताना त्याची हत्तीण सोंडेत धरलेला त्याचा हात सोडेना, तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे तो सारथ्याला पुन्हा पुन्हा सांगायचा, "अरे, काढा सुरू कर." सारथी म्हणायचा, "आता मला काही होत नाही. अन् उगाच नोकरी कशाला घालवू?"

दसऱ्याला राजाची स्वारी निघाली. भर गर्दीत सारथ्याचा श्वास कोंडला, लगाम हातून सुटले आणि राजाचा रथ उधळला. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. गर्दीत उभ्या असलेल्या माहुताने स्वारीतल्या आपल्या हत्तिणीला हाक घातली. नव्या माहुताला न जुमानता ती पुढे आली आणि रस्ता अडवून उभी राहिली. घोडे थबकले.

राजाने सगळी हकीकत ऐकली. सेनापतीचं पद काढून घेतलं आणि माहुताला परत बोलावलं.

"येईन, महाराज," माहूत म्हणाला. "पण काढा सगळ्यांसमोर पिईन."

सारथी वाचला, पण लगाम त्याच्या हाती पुन्हा कधी आले नाहीत.

तात्पर्य: बरं वाटू लागलं म्हणून औषध सोडू नये, आणि कुणी हसलं म्हणून तर मुळीच सोडू नये.