तीन भागीरथींचं तळं

"नाव नलिनीच ठेवा. हाक मारताना जिभेला त्रास नको."

स्वयंपाकघरात आत्तेसासूबाई सासूबाईंना म्हणाल्या. मी तांब्या घेऊन दाराबाहेरच उभी होते. नलिनी म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको, दोन वर्षांपूर्वी गेलेली. कशाने, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला गावाबाहेरच्या तळ्यावर नेलं. भर वैशाखातही तिथलं पाणी वरून तिसऱ्या पायरीखाली जात नाही. नव्या सुनेने त्या पायरीवर उभं राहायचं, माहेरचं नाव शेवटचं घ्यायचं आणि सासरचं सांगायचं, अशी रीत. ती कशी पडली, ते गणू गुरवांनी नारळ सोलता सोलता सांगितलं.

गावच्या देशमुखाने तळं खोदलं, पण पाणी लागेना. घरची सून द्यावी लागेल, असा कौल मिळाला म्हणे. त्याने सून भागीरथी हिला पूजेचं ताट देऊन तळाशी उतरवलं. पाणी आलं, ती गेली. देशमुख म्हणाला, "जीव मरत नाही. देह तेवढा बदलतो." मुलाचं दुसरं लग्न लावलं, नवरीचं नाव भागीरथीच ठेवलं. भागीरथी घरातच होती, तेव्हा सुतक धरायचा प्रश्नच नव्हता. वर्षभरात तळं आटलं. दुसरीही उतरवली.

तिसरीला माळ्यावर बांगड्यांचे दोन जोड सापडले. दोन्ही भागीरथीचे, पण मापं वेगळी. तिच्या हातात एकही जाईना. तिने म्हाताऱ्या मोलकरणीकडून दोघींची माहेरची नावं काढून घेतली. तळं पुन्हा आटलं. तिलाही तळाशी उतरवलं तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "मामंजी, जीव मरत नाही ना? मग आवडीला हाक मारा. बघू, ओ देते का."

मग तिनेच हाक मारली, "आवडीऽ!" कोरड्या मातीला ओल आली. "ठकीऽ!" पाणी कमरेला लागलं. "गजराऽ!" हे तिचं स्वतःचं. पाणी डोक्यावरून गेलं आणि वरून तिसऱ्या पायरीला येऊन थांबलं. गजरा वर आली नाही. पाणीही पुन्हा उतरलं नाही, असं सांगतात.

देशमुखाचं नाव मात्र गुरवांना आठवेना.

आजही प्रत्येक सून त्या पायरीवर आधी तिघींची नावं घेते आणि मग स्वतःचं पाण्यात सोडून घरी जाते. यात कुणाला काही खटकल्याचं ऐकिवात नाही.

पाणी घोट्याला गार लागत होतं. मी तिघींची नावं घेतली.

"आता म्हण गं पोरी, मी नलिनी," मागून आत्याबाई म्हणाल्या.

"मी हेमांगी," मी मोठ्याने म्हणाले. "आणि आत्याबाई, नलिनीताई कशाने गेल्या, ते इथेच पाण्यापाशी सांगा."