कर्नेलचं शेवटचं वाक्य

“पण थांबायचंच कशाला, सर? मेमरीतला एक बाइट बिघडला म्हणून सगळा कारभार बंद?”

रेणुका धामणस्कर ओटीवर टेकायच्या आधीच विचारून मोकळी झाली. पुण्याहून दापोलीला येईपर्यंत वाटभर हाच एक प्रश्न तिच्या डोक्यात घण घालत होता.

गोविलकर सर झोपाळ्यावर बसले होते. कर्नेल, म्हणजे मशीनमधल्या सगळ्या प्रोग्रामांचा कारभारी, कसा लिहायचा हे तिला त्यांनीच शिकवलं. आता ती गुरूच्या वरताण लिहिते, असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटे.

“काय झालं ते सांग,” सर म्हणाले.

कर्करोगाच्या रुग्णाला किरणांची मात्रा कुठे किती द्यायची, याचं गणित करणारं मशीन तिची कंपनी बनवत असे. परवा एका इस्पितळात ते गणिताच्या मध्येच बंद झालं. मेमरीत चूक झाली आहे आणि ती दुरुस्त होण्यातली नाही, असा इशारा हार्डवेअरने दिला. आणि सरांनी शिकवलं होतं अगदी तसंच, रेणुकाच्या कर्नेलने जागच्या जागी सगळं थांबवलं. उपचारासाठी आलेल्या बाईंना तसंच परत जावं लागलं. कंपनीत सगळ्यांची बोटं रेणुकाकडे वळली.

“त्या बाई रडत गेल्या म्हणे,” ती म्हणाली. “माझ्यामुळे.”



तिने लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे धरला. “आता असं व्हायचं नाही. चूक आली की नोंद करायची आणि पुढे चालायचं. माझा कर्नेल थांबणारच नाही. उद्या हा बदल सगळ्या इस्पितळांत जाईल. तुम्ही फक्त एकदा हो म्हणा.”

“बिघडलेला बाइट कुठल्या प्रोग्रामचा होता?”

“ते हार्डवेअरने सांगितलंच नाही. कळलं असतं तर तेवढाच प्रोग्राम मारला असता, बाकीचं चालू ठेवलं असतं.”

“आणि कळलं नाही तर?”

“तर... चालत राहायचं. बहुतेक वेळा काही होत नाही, सर. पडद्यावरच्या एखाद्या रंगाचा बाइट असतो.”

“बहुतेक वेळा,” सर म्हणाले.

त्यांनी शेजारची डबी उघडली आणि एक गोळी तळहातावर घेतली. रक्त पातळ करायची गोळी; चुकून दोनदा घेतली तर घातक. गेल्या वर्षापासून रोज जेवणानंतर एक, पत्नी सुमतीच्या नजरेसमोर. हात तोंडापर्यंत गेला, आणि तिथेच राहिला.

“रेणुका, मी ही घेतली का गं मघाशी?”

“मी आत्ताच आले, सर. मला कसं माहीत असणार?”

सर आठवू लागले. कपाळावर आठ्या पडल्या. झोपाळा थांबला.

“हल्ली आठवत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “घेतली असेल. नसेलही...”

त्यांनी गोळी परत डबीत टाकली आणि झाकण लावलं.

“पण नसेल घेतली तर?” रेणुका घाबरून म्हणाली.

“सुमती बाजारातून येईलच. तिला ठाऊक असेल. तोवर हात आवरलेला बरा.”

रेणुका त्या डबीकडे बघत राहिली...

मग तिने लॅपटॉप मिटला. मोबाइल काढून पुण्याला फोन लावला. “उद्याचा बदल पाठवू नका,” ती म्हणाली. “हो, मीच सांगतेय. शिव्या मला घाला.”

फोन ठेवते न ठेवते तोच वाजला. त्या इस्पितळाचे डॉक्टर शिरगुप्पे.

“मॅडम, तुमचा माणूस इथे आलाय,” डॉक्टर म्हणाले. “थांबण्यापूर्वी मशीनने मेमरीची नक्कल काढून ठेवली होती, ती त्याने तपासली. चिप खराब होती, आणि बिघडलेली जागा नेमकी मात्रेच्या आकड्यांतच निघाली. गणित तसंच पुढे गेलं असतं तर...” डॉक्टर थांबले. मग त्यांचा सूर निवळला. “जाऊ द्या. बाईंना आज दुसऱ्या मशीनवर नीट हिशेब करून उपचार दिले. हसत घरी गेल्या.”

रेणुकाने फोन खाली ठेवला. हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. परवापासून छातीवर ठेवलेली धोंड कुणीतरी अलगद उचलून नेली होती. सर झोपाळ्याला हलकेच झोका देत तिच्याकडे पाहत होते.

“सर, एकच राहिलं,” डोळे पुसत ती म्हणाली. “थांबताना पडद्यावर नुसतेच आकडे आले. तिथल्या सिस्टर घाबरल्या, त्यांना वाटलं आपल्याच हातून काही बिघडलं. पडद्यावर माणसाला कळेल असं एखादं वाक्य हवं.”

“हवंच.”

“मग काय लिहू?”

सरांनी क्षणभर डोळे मिटले.

“लिही... ‘आता माझ्यावर विसंबू नका.’”